दोन मुलुखांचे इमामसाहेब

रमजानच्या संध्याकाळी मगरिबच्या अजानला दहा-पंधरा मिनिटे उरलेली असतात. दस्तरखानावर खजूर, कलिंगडाच्या फोडी, सरबताचे पेले मांडून झालेले असतात आणि नेमका तेव्हाच फोन वाजतो. पलीकडे कुवेतला किंवा दोह्याला असलेला मुलगा. त्याच्याकडे अजून दुपार कलंडायची असते, रोजा सुटायला दीड-पावणेदोन तास बाकी असतात. आईची तब्येत, धाकट्याची परीक्षा, घराचे राहिलेले प्लास्टर हे सगळे विचारून झाले की तो हमखास विचारतो, निवडणुकीचे काय म्हणताय? पनवेल-तळोज्यापासून खाली म्हसळा-श्रीवर्धनपर्यंत ज्या घरातला एखादा माणूस आखातात आहे, त्या घराला हा फोन ओळखीचा आहे. मोहल्ल्यातही आहे आणि आळीतही.

विचारतो खरा, पण मत देता येत नाही. २०१० साली लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदारयादीत नाव घालता येऊ लागले. त्यासाठी नमुना ६-अ भरावा लागतो. मात्र मत द्यायचे तर पासपोर्ट घेऊन स्वतः गावच्या केंद्रावर हजर राहावे लागते. एका मतासाठी विमानाचे तिकीट आणि आठ दिवसांची रजा कोणाला परवडते? आणि जिथे तो राबतो, तिथे वीस वर्षे काढली तरी तो परकाच. इथले राजकारण हातातून सुटलेले, तिथल्याला हात लावायची सोय नाही.

ही कोंडी आजची नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी कोकणी मुळाचा एक इमाम आफ्रिकेत अशाच कोंडीत सापडला होता. त्यांचे नाव इमाम अब्दुल कादिर बावझीर. गांधीजींच्या चरित्रांत ते जागोजागी भेटतात आणि ओळ संपली की विसरले जातात. आश्रमात आणि चळवळीत सगळे त्यांना इमामसाहेब एवढेच म्हणत.

बावझीर हे आडनाव अरबी. पूर्वज अरबस्तानातून समुद्रमार्गे आले आणि कोकणात स्थिरावले. चौल, दाभोळ, राजापूर या बंदरांत असे कितीतरी घराण्यांचे झाले. पुढच्या पिढ्या इथल्याच झाल्या, इथलीच बोली बोलू लागल्या. इमामसाहेबांनाही कोकणी येत असे. त्यांचे वडील मुंबईच्या जुमा मशिदीत मुअज्जिन होते, म्हणजे पाच वेळा अजान देणारे. क्रॉफर्ड मार्केटजवळची ही मशीद पोटात पाण्याचे तळे घेऊन उभी आहे आणि कोकणी मुसलमानांची मशीद म्हणूनच ती ओळखली जाते. अजान देणाऱ्या माणसाच्या घरी पैसा नसतो, पण वेळेचा हिशेब पक्का असतो. मुलाने वडिलांकडून सुरेल आवाज घेतला, कुराणपठण घेतले आणि तो जहाजाने आफ्रिकेला गेला.

कोकणातल्या माणसाला त्या काळी आफ्रिका काही फार लांबची वाटत नसे. खाडीत गलबते लागायची, मुंबईहून जहाजे सुटायची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रत्नागिरी-कुलाब्याकडचे कित्येक मुसलमान केपटाऊनला गेले आणि तिथे त्यांची स्वतंत्र जमात उभी राहिली. कोकणी म्हणून ती आजही वेगळी ओळखली जाते. केपमधले मलायी मुसलमान शाफई पंथाचे आणि कोकणीही शाफईच, त्यामुळे नमाजेच्या सफेत उभे राहताना परके वाटायचे कारण नव्हते. इमामसाहेबांची पत्नी मलायी होती. पुढे सगळे तिला हाजीसाहेबा म्हणत.

इमामसाहेब जोहान्सबर्गला स्थायिक झाले आणि तिथल्या मशिदीत इमामतीचे काम करू लागले. सोन्याच्या खाणींचे शहर, हातात पैसा खेळणारे. त्यांचे घर चांगले सजवलेले होते. बाहेर पडायचे ते घोडागाडीतून, अनवाणी तर कधी पाऊल टाकायचे नाही. रोज नवा पदार्थ लागायचा. प्रकृती नाजूक. त्यांना पाहून हा माणूस तुरुंगात जाईल असे कोणी म्हटले असते, तर ऐकणारा हसला असता. पुढे खरोखरच लोक हसले.

त्या मुलुखातल्या मतदानाची गोष्ट इथे सांगायला हवी, नाहीतर इमामसाहेब कशासाठी तुरुंगात गेले ते उमगणार नाही.

जोहान्सबर्ग ज्या ट्रान्सवालमध्ये आहे, ते बोअर लोकांचे, म्हणजे डच मुळाच्या शेतकऱ्यांचे प्रजासत्ताक होते. सोने सापडल्यावर तिथे इंग्रजांची रीघ लागली. बोअरांनी त्यांच्याकडून कर घेतला, पण मत दिले नाही. पूर्ण मताधिकारासाठी चौदा वर्षे वास्तव्याची अट घातली. इंग्रजांनी ती पाच वर्षांवर आणा म्हणून हट्ट धरला. १८९९ च्या उन्हाळ्यात बोलणी फिसकटली आणि त्याच वर्षी युद्ध पेटले. कारणे अर्थातच आणखीही होती, सोने हे त्यातले मोठे. पण जगाला सांगायचे कारण मात्र परमुलुखात राहणाऱ्या आपल्या माणसांना मत मिळावे हेच होते. तीन वर्षे माणसे मेली. नाताळमधल्या अकराशे हिंदी लोकांनी इंग्रजांच्या बाजूने जखमींच्या डोल्या वाहिल्या. इंग्रज जिंकले.

आणि मग? हिंदी माणूस तर इंग्रजांचाच प्रजाजन. १८८५ च्या बोअर कायद्याने ट्रान्सवालमधल्या आशियाई माणसाला नागरिकत्व नाकारले होते, ठरावीक वस्तीबाहेर जमीन घ्यायची मनाई केली होती. इंग्रजांच्या राज्यात हा कायदा जाईल असे व्यापाऱ्यांना वाटत होते. तो गेला नाहीच, उलट त्याच्या अंमलबजावणीला धार आली. १९०७ मध्ये ट्रान्सवालला स्वराज्य मिळाले, निवडणूक झाली आणि मत फक्त गोऱ्या पुरुषांना होते. ज्या मागणीसाठी साम्राज्य लढाईत उतरले, तीच मागणी काळ्या-सावळ्या माणसाच्या तोंडी आल्यावर गुन्हा झाली.

शेजारच्या नाताळ वसाहतीत हे आधीच घडून गेले होते. तिथे मिळकतीच्या अटीवर हिंदी माणसाला मत होते. साधारण अडीचशे हिंदी लोकांची नावे यादीत होती आणि गोऱ्यांची होती दहा हजारांच्या घरात. एवढी अडीचशेदेखील डोळ्यांत खुपली. १८९४ मध्ये त्यांचा मताधिकार काढून घेणारे विधेयक आले. दादा अब्दुल्ला शेठ यांच्या दिवाणी दाव्यासाठी आलेला तरुण बॅरिस्टर परतीच्या तयारीत होता. निरोपाच्या मेजवानीत ही बातमी निघाली आणि व्यापाऱ्यांनी त्याला थांबवून घेतले. पंधरा दिवसांत दहा हजार सह्यांचा अर्ज लंडनला गेला. त्याच सुमारास लंडनच्या पार्लमेंटात मुंबईचे दादाभाई नौरोजी फिन्सबरीच्या इंग्रज मतदारांच्या मतांवर निवडून येऊन बसलेले होते. एकाच साम्राज्यात एका ठिकाणी हिंदी माणूस खासदार, दुसरीकडे मतदारही नाही! पहिले विधेयक लंडनने अडवले. १८९६ मध्ये शब्द फिरवून तेच पुन्हा आणले आणि ते मंजूर झाले. ज्यांच्या मायदेशात लोकनियुक्त पार्लमेंट नाही त्यांना इथे मत नाही, असा त्याचा अर्थ. म्हणजे मायदेशी इंग्रजांनी मत दिले नाही, म्हणून परदेशी इंग्रजच मत देणार नाहीत. इतका सरळ फास क्वचितच कोणी विणला असेल.

तर ट्रान्सवालच्या नव्या गोऱ्या पार्लमेंटाने पहिल्या काही दिवसांतच, मार्च १९०७ मध्ये, आशियाई नोंदणीचा कायदा संमत केला. प्रत्येक हिंदी पुरुषाने दहाही बोटांचे ठसे देऊन परवाना घ्यायचा, पोलीस मागेल तेव्हा दाखवायचा, नाहीतर दंड, तुरुंग किंवा हद्दपारी. याच्या आदल्या वर्षी, ११ सप्टेंबर १९०६ रोजी, जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात हजारो हिंदी लोकांनी हा कायदा न पाळण्याची शपथ घेतली होती. अध्यक्ष होते अब्दुल गनी आणि ईश्वराला साक्षी ठेवून शपथ घ्यायची कल्पना बोलून दाखवली ती शेठ हाजी हबीब यांनी. या सगळ्यात पुढाकार हमीदिया इस्लामिक सोसायटीचा होता. तिचे प्रमुख हाजी वझीर अली गांधीजींबरोबर शिष्टमंडळ घेऊन लंडनलाही गेले. पुढे अली ट्रान्सवाल सोडून गेले आणि सोसायटीचे अध्यक्षपद इमामसाहेबांकडे आले.

एव्हाना काम सोपे राहिलेले नव्हते. कायद्याची मुदत संपली तेव्हा सुमारे तेरा हजारांपैकी पाचशेच लोकांनी परवाने घेतले होते, पण ते पाचशे बहुतेक पैसेवाले होते आणि रात्रीच्या अंधारात जाऊन ठसे देऊन आले होते. दुकान वाचवायचे की शब्द, हा प्रश्न प्रत्येक शेठजींपुढे होता. मशिदीत लोक इमामाकडे बघत. जुम्म्याच्या नमाजेनंतर अंगणातच सभा व्हायच्या, हिंदूही येऊन बसायचे. इमाम स्वतः काय करणार, याकडे सगळ्यांचे लक्ष होते.

१९०८ च्या सुरुवातीला जनरल स्मट्सशी तडजोड झाली. लोकांनी आपणहून नोंदणी करायची आणि सरकारने कायदा मागे घ्यायचा. लोकांनी नोंदणी केली, कायदा मात्र राहिलाच. तेव्हा दुसरा मार्ग निघाला. फेरीवाल्याचा परवाना हवा असेल तर नोंदणीपत्र दाखवावे लागे. ते दाखवायचे नाही, विनापरवाना टोपली घेऊन फेरी मारायची आणि पकडले गेलो की तुरुंगात जायचे. जुलै महिन्यात इमामसाहेबांनी आपले नाव दिले.

तेव्हा काही मंडळी गांधीजींकडे गेली. इमामसाहेबांना घेऊ नका, म्हणाली. हा नाजूक माणूस. अनवाणी चालायची सवय नाही, कोको-कॉफीवाचून चालत नाही. दोन दिवसांत माफी मागून बाहेर येईल आणि सगळ्या जमातीचे नाक कापले जाईल. आपल्याच लोकांनी, भल्या हेतूने, पाठीमागे केलेली ही चर्चा इमामसाहेबांच्या कानावर गेली असेलच. गांधीजींनी ती मनावर घेतली नाही.

मशिदीचा इमाम हातात फेरीवाल्याचा माल घेऊन रस्त्यावर उतरला. पकडला गेला. चार दिवसांची सक्तमजुरी झाली. चार दिवस म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण ज्याच्या मागे लोक नमाज पढतात, त्याने कैद्याचे कपडे घालून रांगेत उभे राहायचे, खडी फोडायची, झाडू मारायचा, आणि जेवायला मक्याच्या पिठाची पातळ लापशी. इमामसाहेबांनी ती लापशी खाल्ली आणि अल्लाहचे शुक्र मानले. सुटले, पुन्हा गेले. तुरुंगात ते आदर्श कैदी ठरले. बाहेर आले तेव्हा घोडागाडीचा आणि पक्वान्नांचा शौक मागे पडला होता. हसणारे गप्प झाले.

रोजा ठेवणाऱ्याला यातले काही वेगळे सांगायला नको. घरात सगळे असून सूर्य मावळेपर्यंत हात आखडता घ्यायचा, याची सवय ज्याला आहे, त्याने तुरुंगातली लापशी खाणे ही अजब गोष्ट नव्हे. नवल आहे ते इमामसाहेबांनी कशासाठी खाल्ली याचे. त्यांच्यावर स्वतःवर कोणते संकट नव्हते. इमामाला ना दुकान ना फेरी. मशिदीत बसून दुआ मागितली असती तरी कोणी बोट दाखवले नसते. शिवाय हा आपला देश नव्हे, उद्या परत जायचे आहे, कशाला भानगडीत पडा, असे म्हणणारे तेव्हाही होतेच. इमामसाहेबांनी तसे म्हटले नाही. ज्या गल्लीत राहतो तिथल्या माणसाला जनावरासारखा शिक्का मारत असतील, तर ती गल्ली आपली आहे की नाही हा प्रश्न नंतरचा, असाच त्यांच्या वागण्याचा अर्थ होतो.

त्याच वर्षी १६ ऑगस्टला हमीदिया मशिदीच्या मैदानात तीन पायांची एक मोठी लोखंडी कढई मांडली गेली. दोन हजारांवर नोंदणीपत्रे तिच्यात टाकली, त्यांवर रॉकेल ओतले आणि ती पेटवून दिली. ज्यांनी पूर्वी गुपचूप परवाने घेतले होते, त्यांतलेही काही पुढे आले आणि त्यांनी आपले कागद आगीत टाकले. मताचा कागद ज्यांच्या हाती कधी दिला नाही, त्यांनी हाती सक्तीने कोंबलेला कागद जाळून आपले मत दिले. लंडनच्या वर्तमानपत्राच्या बातमीदाराने बोस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या समुद्रात फेकणाऱ्या अमेरिकन लोकांची आठवण काढली.

पुढची पाच-सहा वर्षे दमवणारी होती. सरकारने सत्याग्रहींना पकडून मायदेशी हद्दपार करायला सुरुवात केली. ज्यांचा जन्म आफ्रिकेतला, त्यांनाही आगबोटीत बसवून मद्रासला आणून सोडले. व्यापारी थकले, वर्गण्या आटल्या. तुरुंगात गेलेल्यांच्या बायकापोरांसाठी १९१० मध्ये जोहान्सबर्गजवळ टॉल्स्टॉय फार्म उभा राहिला. तिथल्या रमजानची हकिकत मोठी गोड आहे. मुसलमान मुलांनी रोजे धरले, तेव्हा हिंदू आणि पारशी मुलांनीही त्यांच्याबरोबर एकभुक्त राहायचे ठरवले. ही मुले सूर्यास्ताआधी आपले जेवण उरकून घेत, म्हणजे मग रोजदारांसाठी ताजे, आवडीचे पदार्थ करून त्यांना वाढायला मोकळी. मुसलमान मुलांनी फार्मवर मांस नसण्याची तक्रार केली नाही. आज ठिकठिकाणी इफ्तारच्या दावती होतात, फलक लागतात, फोटो निघतात. त्या फार्मवरच्या इफ्तारचा फोटो कोणी काढला नसेल, पण मुलांनी एकमेकांची भूक ओळखून घेतली होती.

ऑक्टोबर १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेत आले. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात बसणारा हा कोकणचा माणूस. नाताळला मुदतबंद मजूर पाठवणे थांबवा असा ठराव त्यांनी १९१० मध्ये कलकत्त्यात मांडला होता आणि पुढल्या वर्षी ती भरती थांबलीही. परदेशी गेलेल्या आपल्या माणसांची दाद घरच्या कायदेमंडळात लावणारे असे ते पहिल्या फळीतले. जोहान्सबर्गला हिंदी लोकांची सभा ठरली, तेव्हा प्रश्न आला की बोलायचे कोणत्या भाषेत? गोखल्यांचे इंग्रजी नामांकित, पण समोर बसलेल्या कित्येकांना ते कळणार नव्हते. त्यांची हिंदुस्तानी बेताची. गांधीजींनी सुचवले की तुम्ही मराठीत बोला. इथले कोकणी मुसलमान आणि महाराष्ट्रातले हिंदू तुमची मराठी ऐकायला आसुसलेले आहेत, त्यांनीच तशी मागणी केली आहे, भाषांतर मी करतो. गोखल्यांना हसू आवरेना. गांधीजींची मराठी कितपत असणार याचा त्यांना अंदाज होता. पण ते मराठीत बोलले, भाषांतर निभावले आणि मग झांझिबारपर्यंत हाच क्रम चालला. आफ्रिकेच्या भूमीवर कोकणी मुसलमानांनी आग्रहाने मागून घेतलेली ही मराठी भाषणे. मराठी कोणाची, या वादात हा प्रसंग कोणी का सांगत नाही, कळत नाही.

१९१३ च्या मार्चमध्ये केपच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला आणि ख्रिस्ती पद्धतीने न झालेली, सरकारी नोंद नसलेली लग्ने कायद्यापुढे लग्नेच उरली नाहीत. निकाहात पढलेला कुबूल आणि सप्तपदीतली सात पावले एका फटक्यात सारखीच बाद. निकाह लावणाऱ्या इमामाच्या दृष्टीने तर हा थेट दाराशी आलेला घाव होता. त्या वर्षी बायकाही लढ्यात उतरल्या, खाणकामगार निघाले, ट्रान्सवालच्या हद्दीवर मोर्चा गेला. १९१४ मध्ये भारतीयांना दिलासा देणारा कायदा झाला. निकाह आणि हिंदू विवाहाला मान्यता मिळाली आणि मुदत संपलेल्या मजुरांवरचा तीन पौंडांचा कर गेला. मताधिकार मात्र मिळाला नाही. तो तिथल्या भारतीयांना गोऱ्यांच्या बरोबरीने मिळायला २७ एप्रिल १९९४ उजाडावा लागला.

इमामसाहेब तोवर पत्नी आणि फातिमा, अमिना या मुलींना घेऊन नाताळमधल्या फिनिक्स आश्रमात राहायला आले होते. तिथे नळ नव्हता, नोकर नव्हता. गाडीशिवाय न हिंडणारे इमामसाहेब पाणी भरू लागले. आश्रमात छापखाना होता, इंडियन ओपिनियन हे पत्र तिथून निघे आणि प्रत्येकाने खिळे जुळवायला शिकायचे असा नियम होता. उतारवयाकडे झुकलेला हा माणूस शिशाचे एक एक अक्षर उचलून ओळी जुळवायला शिकला. हे पत्र दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांची बातमी मायदेशी पोचवायचे आणि मायदेशाची तिथे.

गांधीजी परत आले. इमामसाहेबांना परत येणे भाग नव्हते. पत्नीचा सगळा गोतावळा आफ्रिकेतला, मुली तिथल्या वातावरणात वाढलेल्या. तरीही ते कुटुंब घेऊन साबरमतीच्या आश्रमात दाखल झाले. तिथे त्यांचे घर झाले, त्याला नाव पडले इमाम मंझिल. ते आजही आहे. आश्रमाच्या प्रार्थनेच्या वेळा आणि नमाजेच्या वेळा शेजारी शेजारी चालत. आश्रमाच्या रसोड्यात मांस नव्हते, इमामसाहेबांनी त्याचा बाऊ केला नाही. आपला दीन त्यांनी कणभर सैल केला नाही आणि दुसऱ्याला तो पाळायला लावला नाही. मुलगी फातिमाचे लग्न ठरले तेव्हा निमंत्रणपत्रिका गांधीजींच्या नावाने निघाली. अमिनाचा निकाह गुलाम रसूल कुरेशींशी झाला आणि ते जोडपे आश्रमाच्या परिसरातच राहिले. १९२६ मध्ये आश्रमाचा विश्वस्तनामा झाला, त्यात जमनालाल बजाज, महादेव देसाई यांच्याबरोबर इमामसाहेबांचे नाव आहे.

मायदेशी येऊन तरी मत मिळाले का? १९१९ च्या सुधारणांनी मताधिकार दिला तो कर आणि मिळकतीच्या चाळणीतून, मूठभरांना, आणि तोही हिंदू-मुसलमानांच्या वेगळ्या याद्या करून. आश्रमात हातमाग आणि चरख्यावर जगणारा माणूस त्या चाळणीतून कसला पार पडतो? जोहान्सबर्गला रंगामुळे बाहेर, इथे मिळकतीमुळे.

दहा वर्षे अशी गेली. खिलाफतीच्या दिवसांतली गळामिठी सुटली, दंगे झाले, कालचे सोबती एकमेकांवर जाहीर चिखल उडवू लागले. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह जाहीर झाला तेव्हा मौलाना शौकत अलींसारखे बडे नेते मुसलमानांना दूर राहायला सांगत होते. त्या वर्षी रमजान ईद मार्चच्या सुरुवातीला झाली आणि १२ तारखेला दांडीयात्रा निघाली. मे महिन्यात गांधीजींना पकडले. धरासणाच्या मिठागरावर जायचे ठरले होते, नेतृत्व अब्बास तय्यबजींकडे आले, त्यांनाही पकडले. मग सरोजिनी नायडू आल्या. २१ मे रोजी सकाळी सुमारे अडीच हजार स्वयंसेवक मिठागराकडे निघाले, त्यांच्या पुढाऱ्यांत प्यारेलाल होते, मणिलाल गांधी होते आणि इमामसाहेब होते. मणिलाल आयुष्य आफ्रिकेत घालवलेला, तिथल्या पत्राचा संपादक. इमामसाहेब जोहान्सबर्गच्या तुरुंगात तयार झालेले. घरच्या सर्वांत कठीण मोर्चाच्या आघाडीला दोघे परदेशातून शिकून आले होते.

पेण-उरणची मिठागरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ती जागा डोळ्यांपुढे आणायला अवघड नाही. मे महिन्याचे ऊन, बांध, चिखल, पांढरे ढीग. भोवती काटेरी तार आणि तिच्यापुढे लोखंडी टोकाच्या लाठ्या घेतलेले पोलीस. रांग पुढे जायची, लाठ्या डोक्यांवर बसायच्या, माणसे हात वर न करता पडायची. बाया-माणसे त्यांना उचलून न्यायची आणि दुसरी रांग पुढे व्हायची. अमेरिकन बातमीदार वेब मिलर तिथे होता. त्याने इस्पितळाच्या मांडवात ३२० जखमी मोजले, दोघे मरण पावले होते. ती बातमी जगभर छापली गेली. सरोजिनीबाईंना अटक झाली, इमामसाहेबही पुन्हा तुरुंगात गेले. बावीस वर्षांपूर्वी ज्यांना नेऊ नका म्हणून लोक सांगायला गेले होते, त्यांना आता वयाचा विचार करून मागे राहा असे म्हणायची कोणाची छाती झाली नसावी. त्याच साली सप्टेंबरमध्ये पनवेलपासून जवळच्या चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. ती माणसे आणि धरासणाची माणसे एकमेकांना ओळखत नव्हती.

१९३१ च्या अखेरीस गांधीजी गोलमेज परिषदेसाठी लंडनला होते. हिंदुस्थानात मत कोणाला द्यायचे, कोणत्या धर्माला किती जागा, वेगळ्या याद्या ठेवायच्या की नाही, यावर तिथे महिनेच्या महिने खल चालला आणि काही निघाले नाही. ते परतीच्या वाटेवर युरोपात असताना, डिसेंबर महिन्यात, इमामसाहेब वारले. तेवीस-चोवीस वर्षांच्या सोबत्याच्या मातीला गांधीजी पोचू शकले नाहीत.

२८ डिसेंबरला ते मुंबईला उतरले आणि ४ जानेवारी १९३२ ला त्यांना पकडून येरवड्याला नेले. त्यानंतर आठवड्याभरातच रमजानचा चाँद दिसला. तुरुंगातून आश्रमाला पत्रे जात, तशी गांधीजींनी इमामसाहेबांच्या आठवणीही लिहून पाठवल्या. त्यांचा आवाज, त्यांचे कुराणपठण, जोहान्सबर्गचे घर, खिळे जुळवणारी बोटे, आणि मुंबईच्या जुमा मशिदीत अजान देणारे त्यांचे वडील. इमाम मंझिलमध्ये त्या महिन्यात रोजे झाले ते त्यांच्यावाचून.